आईबरोबर कारागृहात आलेले बाळ: नियम, नोंदी आणि जामीन

समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थिनीने तीन प्रश्न विचारले आहेत. आईबरोबर कारागृहात राहणाऱ्या तान्ह्या मुलांची सोय आपल्याकडे केव्हापासून आणि कशी होत आली, मूल सहा वर्षांचे होईपर्यंतच आत राहू शकते ही मर्यादा कुठून आली, आणि आज या मुलांना प्रत्यक्षात काय मिळते? महाराष्ट्रातील महिला कारागृहांत न्यायबंदी, म्हणजे खटला अजून चालू असलेल्या, स्त्रियांबरोबर काम करण्यात माझा बराच काळ गेला आहे. त्यामुळे उत्तर देताना कायदा आणि बराक या दोन्ही बाजूंनी बोलतो.

एका तारखेवर बोट ठेवायचे झाले, तर ती १३ एप्रिल २००६ ही होय. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने आर. डी. उपाध्याय विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात निकाल दिला आणि कारागृहातील मूल हे कोणत्याही अर्थाने बंदी, म्हणजे कैदी, नाही, त्याला अन्न, निवारा, औषधोपचार, कपडे, शिक्षण आणि खेळ हे सर्व हक्काने मिळाले पाहिजे, असे देशभराच्या कारागृहांना बजावले. त्यापूर्वी सोयी मुळीच नव्हत्या असे नाही. परंतु जे काही मिळे ते आईला दिलेली सवलत म्हणून मिळे. ‘स्तनपान करणाऱ्या स्त्रीला जादा दूध’ ही नोंद असे, बाळाच्या नावावर काहीही नसे. माझ्या मते हा इतिहास वाचण्याची खरी किल्ली हीच आहे. जेव्हा जेव्हा बाळाला रजिस्टरमध्ये स्वतःची ओळ मिळाली, तेव्हा तेव्हा त्याची स्थिती थोडी सुधारली आणि एरवी ते भिंतीच्या आत असूनही हिशेबाबाहेर राहिले.

मागे जायचे तर एकोणिसाव्या शतकात जावे लागते. लंडनच्या न्यूगेट तुरुंगात १८१३ साली इंग्लिश समाजसुधारक एलिझाबेथ फ्राय गेल्या, तेव्हा स्त्रिया आणि त्यांची मुले एकाच खोलीत दाटीवाटीने कोंबलेली त्यांना दिसली. १८१७ मध्ये त्यांनी तेथे मुलांसाठी शाळा सुरू केली आणि महिला बंदींची देखरेख स्त्रियांनीच करावी हा आग्रह धरला. तो आग्रह हिंदुस्थानात पोहोचायला बराच वेळ लागला. १८६६ मध्ये मेरी कार्पेंटर या दुसऱ्या इंग्लिश समाजसुधारक येथे आल्या आणि त्यांनी अनेक शहरांतील तुरुंग पाहिले, त्या वेळी स्त्रियांच्या विभागावरही पुरुष पहारेकरी असल्याची त्यांची तक्रार होती. बाई अटकेत आणि पहाऱ्यावर पुरुष, अशा जागी तान्हे मूल कसे वाढत असेल याची कल्पना करणे अवघड नाही.

१८९४ चा कारागृह अधिनियम आपल्याकडे शतकाहून अधिक काळ टिकला. स्त्रियांना पुरुषांपासून वेगळ्या इमारतीत किंवा त्याच इमारतीच्या वेगळ्या भागात ठेवावे, त्यांची झडती स्त्रीनेच घ्यावी, त्यांना बेड्या घालू नयेत, अशा गोष्टी त्यात आहेत. आईबरोबरच्या मुलाविषयी मात्र त्यात स्वतंत्र कलम नाही. जे होते ते प्रांतोप्रांतीच्या नियमावलीत होते आणि म्हणून मूल किती वयापर्यंत आईजवळ राहील, कुठे चार, कुठे पाच, कुठे सहा वर्षे, हे ज्या त्या प्रांतावर आणि पुष्कळदा अधीक्षकाच्या मर्जीवर ठरत असे. ‘त्याच इमारतीचा वेगळा भाग’ या शब्दांचा परिणाम आजही दिसतो. भायखळा किंवा येरवडा येथे स्त्रियांसाठी स्वतंत्र कारागृहे आहेत. पण देशातील बहुसंख्य महिला बंदी पुरुषांच्या कारागृहातील एका कोपऱ्यात, भिंत घालून वेगळ्या केलेल्या विभागात राहतात. स्वयंपाकघर पुरुष विभागात, दवाखाना पुरुष विभागात, मैदानही तिकडेच. मुलाला ताप आला की दवाखान्यापर्यंत जायला सोबत महिला रक्षक मोकळी असावी लागते.

स्वातंत्र्यलढ्याच्या काळात या प्रश्नाला काही काळ प्रतिष्ठित चेहरे मिळाले. कालिकतच्या ए. व्ही. कुट्टीमालू अम्मा १९३२ मध्ये दोन महिन्यांच्या बाळासह तुरुंगात गेल्या, ही गोष्ट केरळात आजही सांगितली जाते. मात्र १९३० पासून ए, बी, सी असे बंदींचे वर्ग पडले होते आणि शिक्षण, राहणीमान व सामाजिक दर्जा पाहून वर्ग ठरत असे. चोरी, हातभट्टी, भ्रूणहत्या अशा गुन्ह्यांत आलेल्या गरीब बायका सी वर्गातच राहत. देशभक्त स्त्रीच्या कडेवरचे मूल लोकांच्या लक्षात राहिले आणि तिच्या शेजारच्या बराकीत हातभट्टीवालीचे जे मूल होते, त्याची दखल कोणी घेतली नाही. स्वातंत्र्यानंतरही दीर्घकाळ चित्र असेच होते, कारण राजकीय बंदी सुटले आणि त्यांच्याबरोबर वर्तमानपत्रांचे लक्षही बाहेर गेले.

आंतरराष्ट्रीय पातळीवर १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे किमान प्रमाण नियम आले. त्यातल्या तेविसाव्या नियमाने दोन साध्या गोष्टी सांगितल्या: बाळंतपण शक्यतो बाहेरच्या रुग्णालयात व्हावे आणि मूल कारागृहात जन्मलेच तर जन्मदाखल्यावर तसा उल्लेख असू नये. बाळाला आईजवळ ठेवायचे असेल तर प्रशिक्षित माणसे असलेले पाळणाघर हवे, हेही त्यातच आहे. आपल्याकडे या गोष्टी न्यायालयाच्या तोंडून बंधनकारक व्हायला आणखी अर्धशतक लागले.

मधल्या काळात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईतील कारागृहात पंधरा महिला बंदींच्या मुलाखती घेतल्या, त्यांपैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले आणि बारसे यांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने चौकशीसाठी निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना कारागृहात पाठवले. १९८३ च्या त्या निकालात स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या आणि त्यांवर महिला पोलीस यांबाबत निर्देश आले. बाळांचा विषय त्यात थेट नव्हता. परंतु समाजकार्याच्या माणसाला कारागृहाच्या आत जाऊन पाहण्याचा आणि न्यायालयाला सांगण्याचा मार्ग त्यामुळे खुला झाला. पुढे महिला बंदींविषयी न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा अहवाल १९८७ मध्ये आला, १९९० मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने बंदींसाठी काम करणारा ‘प्रयास’ हा प्रकल्प सुरू केला, आणि दिल्लीत किरण बेदी तिहारच्या प्रमुख असताना, म्हणजे १९९३ ते १९९५ या काळात, तेथील मुलांसाठी पाळणाघर उभे राहिले. या सर्व प्रयत्नांत एक उणीव राहिली, ती अशी की ते माणसांवर अवलंबून होते. चांगला अधीक्षक बदलून गेला की बालवाडीची खोली पुन्हा गोदाम होई.

उपाध्याय खटला ही मुळात १९९४ ची याचिका आहे आणि तिचा रोख न्यायबंदींच्या वर्षानुवर्षे रखडलेल्या खटल्यांवर होता. सुनावणी चालू असताना मुलांचा प्रश्न पुढे आला, राज्यांकडून प्रतिज्ञापत्रे मागवली गेली आणि संशोधन अहवाल न्यायालयासमोर ठेवले गेले. त्यांतली निरीक्षणे वाचण्यासारखी आहेत. केवळ स्त्रियांमध्ये वाढलेले मुलगे स्वतःविषयी स्त्रीलिंगी क्रियापदे वापरतात, घर म्हणजे काय हे अनेकांना ठाऊक नसते, कधी बाहेर नेले तर रस्त्यावरची जनावरे पाहून ती घाबरतात. ‘मी येते’, ‘मी जेवले’ असे म्हणणारा चार वर्षांचा मुलगा मीही बराकीत पाहिला आहे. बाहेर गेल्यावर महिनाभरात त्याची भाषा बदलते, त्याची मला फार चिंता वाटत नाही. संध्याकाळी गिनतीच्या, म्हणजे बंदींच्या मोजणीच्या, वेळी न सांगता आईच्या शेजारी ओळीत उकिडवे बसणारे मूल पाहिले, की मात्र पोटात कालवते.

निकालातील निर्देश बरेच आहेत. सगळे येथे देत नाही, कामाचे तेवढे सांगतो. गर्भवती स्त्रीला कारागृहात पाठवण्यापूर्वी तेथे प्रसूतीपूर्व व प्रसूतीनंतरच्या किमान सोयी आहेत का, हे पाहिले पाहिजे. अत्यंत अपवादात्मक जोखमीच्या प्रकरणाखेरीज बाळंतपण बाहेरच्या रुग्णालयात व्हावे आणि त्यासाठी तात्पुरती सुटका, रजा किंवा शिक्षेची स्थगिती यांचा विचार व्हावा. जन्माची नोंद स्थानिक कार्यालयात करावी. पण जन्मस्थान म्हणून कारागृह न लिहिता केवळ त्या परिसराचा पत्ता लिहावा. बारसे करायचे असेल तर त्याची मुभा असावी. तीन वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी बालवाडी असावी, तीही शक्यतो कारागृहाच्या आवाराबाहेर. महिला वैद्यकीय अधिकाऱ्याने मुलांची वाढ नियमित तपासावी आणि लसीकरण वेळेवर व्हावे. सोयी नसलेल्या दुय्यम कारागृहात मुलासह आईला ठेवू नये. आई आजारी पडली तर मुलाला सांभाळण्याची वेगळी व्यवस्था प्रशासनाने करावी. निकालात मुलांसाठी वयानुसार आहाराचे प्रमाणही आहे, आणि माझ्या दृष्टीने संपूर्ण निकालातला हा सर्वांत व्यावहारिक भाग आहे, कारण कारागृहात शिधा मिळतो तो आहाराच्या ठरलेल्या पत्रकात लिहिलेला असेल तरच. दया कितीही असली तरी पत्रकात नसलेले अंडे कोठीतून निघत नाही.

जन्मदाखल्याच्या निर्देशाबाबत लोक विचारतात, की एवढ्या तपशिलाची गरज काय होती. शाळेत प्रवेशाच्या वेळी जन्मस्थानाच्या रकान्यात ‘जिल्हा कारागृह’ असे असलेला जुना दाखला मी पाहिला आहे. तो मुलगा तोवर शाळकरी मुलांच्या वर्गात बसण्याच्या वयाचा झाला होता आणि दाखला दाखवायला लागू नये म्हणून आजी दरवेळी काहीतरी निमित्त सांगत असे. हा एक रकाना सुधारल्याने पुढच्या मुलांचे जेवढे भले झाले, तेवढे एखाद्या रंगीत पाळणाघराने होत नाही.

आता प्रत्यक्ष काय मिळते याकडे येतो. मोठ्या महिला कारागृहांत बालवाडी चालते, खेळणी असतात, संस्थांच्या शिक्षिका येतात, लसीकरण होते. दिवसा अकरा वाजता भेट देणाऱ्याला सगळे ठीक दिसते. खरी परीक्षा रात्री असते. संध्याकाळी बराक बंद होते ती सकाळी उघडते. दूध सकाळी मिळालेले असते. बराकीत चूल किंवा शेगडी नसते, नसणेच योग्यही आहे. मग ज्या आईचे दूध आटले आहे, ती सकाळचे दूध फडक्यात गुंडाळून जपते, उन्हाळ्यात ते दुपारपर्यंत नासते आणि रात्री बाळ रडले की साखरपाणी किंवा भाताची पेज देऊन वेळ निभावते. बाळ रडत राहिले तर चाळीस बायकांची झोप मोडते, त्यातून भांडणे होतात, आणि आई मुलाला गप्प ठेवण्यासाठी काहीही करायला तयार होते. दूध भुकटी आणि थर्मास एवढ्यावर हा प्रश्न सुटतो. जेथे अधीक्षकांनी रात्रीच्या पाळीच्या महिला रक्षकाकडे उकळलेल्या पाण्याचा थर्मास ठेवण्याचा लेखी आदेश काढला, तेथे तो सुटलेला मी पाहिला आहे. तोंडी आदेशाचा उपयोग होत नाही, कारण पाळी बदलली की आदेशही बदलतो. तुम्ही कारागृह भेटीला जाल तेव्हा पाळणाघराचा फलक पाहण्याआधी रात्री गरम पाण्याची सोय काय आहे, हे विचारा.

दुसरी अडचण न्यायालयाच्या तारखेची. आईला तारखेला न्यायचे तर मूल कोणाकडे ठेवायचे? आत दुसऱ्या बंदीवर भरवसा ठेवावा लागतो, नाहीतर मूल कैदी पार्टीच्या, म्हणजे बंदींना नेणाऱ्या पोलीस पथकाच्या, गाडीतून आईबरोबर जाते आणि दिवसभर न्यायालयाच्या कोठडीत बसते. दूरदृश्य प्रणालीमुळे हे फेरे कमी झाले आहेत, ही त्या प्रणालीची न मोजलेली मिळकत म्हणावी लागेल.

सहा वर्षांच्या मर्यादेविषयी. सर्वोच्च न्यायालयाने ती देशभर एकसारखी केली, आणि ती आपल्याकडच्या इतर रचनेशी जुळतेही: अंगणवाडी सहा वर्षांपर्यंत, आणि २००२ च्या घटनादुरुस्तीनंतर शिक्षणाचा मूलभूत हक्क सहाव्या वर्षापासून. इतर देशांत ही मर्यादा पुष्कळ कमी आहे. इंग्लंडमधील माता-बाल विभागांत साधारणपणे अठरा महिने, तर न्यूयॉर्क राज्यात, जेथे बेडफर्ड हिल्सचे पाळणाघर १९०१ पासून चालू आहे, तेथे एक वर्ष आणि विशेष परिस्थितीत अठरा महिने. आपली मर्यादा अधिक उदार वाटते, पण मला ती उदारतेपेक्षा नाइलाजाची वाटते. बाहेर सांभाळणारे कोणी नसते, सासर तोंड फिरवते, माहेरची परिस्थिती नसते, आणि बालगृहात टाकण्यापेक्षा माझ्याजवळच राहू दे असे आई म्हणते. तीन वर्षांपर्यंत आईची सोबत ही भिंतीच्या तोट्यावर मात करते, असा माझा अनुभव आहे. तिसऱ्या वर्षानंतर तराजू हळूहळू दुसरीकडे झुकू लागतो. त्यामुळे सहा ही कमाल मर्यादा आहे, ठरलेली मुदत नव्हे, हे लक्षात ठेवावे. संयुक्त राष्ट्रांनी २०१० मध्ये स्वीकारलेले बँकॉक नियमही हेच सांगतात, की मूल कधी वेगळे करायचे याचा निर्णय प्रत्येक मुलाचे हित स्वतंत्रपणे पाहून घ्यावा आणि बाहेरची व्यवस्था ठरल्याखेरीज त्याला हलवू नये. प्रसूतिवेदना, प्रसूती आणि त्यानंतर लगेचच्या काळात आईला बेड्या घालू नयेत, हेही त्याच नियमांत आहे.

आता ज्या मुद्द्यासाठी एवढे लिहिले तो सांगतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे ३१ डिसेंबर २०२१ रोजी देशभरातील कारागृहांत १,६५० स्त्रिया १,८६७ मुलांसह राहत होत्या. त्यांपैकी १,४१८ स्त्रिया न्यायबंदी होत्या आणि त्यांच्याबरोबर १,६०१ मुले होती. म्हणजे आत असलेल्या दर सात मुलांपैकी सुमारे सहा मुलांच्या आईवर गुन्हा सिद्ध झालेला नव्हता. पाळणाघर, आहार, खेळणी या सगळ्याची गरज आहेच. पण यांतील बहुतेक बाळांची स्थिती कारागृहात ठरत नाही, ती जामिनाच्या न्यायालयात ठरते. उपाध्याय निकालानेही अशा खटल्यांना प्राधान्य देण्याचे निर्देश दिले आहेत. तरी निकालातला हा परिच्छेद जामीन अर्जात उद्धृत केलेला मला क्वचितच दिसतो.

जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४३७ मध्ये, आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८० मध्ये, आरोपी स्त्री असेल तर गंभीर गुन्ह्यातही जामीन देण्याची मुभा न्यायालयाला आहे. अमली पदार्थांच्या कायद्यातील कलम ३७ ची अट, म्हणजे आरोपी दोषी नसावा असे न्यायालयाला सकृद्दर्शनी पटल्याखेरीज जामीन नाही ही, मात्र स्त्रियांनाही तशीच लागते, आणि गांजाची पिशवी पोहोचवताना सापडलेल्या बायका मुलांसह सर्वाधिक काळ अडकतात त्या येथेच. अशा प्रकरणांतही वाट पूर्ण बंद नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने याच कायद्याखालील एका गर्भवती स्त्रीला बाळंतपणासाठी सहा महिन्यांचा तात्पुरता जामीन दिला आणि कारागृहातील वातावरणातील प्रसूतीचा आई व बाळ या दोघांवरही परिणाम होतो, असे म्हटले. त्या आदेशाची प्रत गरीब आरोपींना सरकारी वकील पुरवणाऱ्या प्रत्येक लोकअभिरक्षक कार्यालयात असायला हवी.

जामीन मंजूर होऊनही आई आत राहण्याचे प्रकार सर्रास घडतात. पुण्या-मुंबईत मजुरीसाठी आलेल्या बाईला स्थानिक जामीनदार मिळत नाही, शिधापत्रिका गावाकडे असते आणि वकील जातमुचलक्याची, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्या हमीवर सुटकेची, मागणी करायला विसरतो. केंद्र शासनाच्या २०२३ च्या गरीब बंदी साहाय्य योजनेतून न्यायबंदीच्या जामिनासाठी आणि सिद्धदोष बंदीच्या दंडासाठी मदत मिळू शकते; २०२३ मध्ये तिची मर्यादा अनुक्रमे चाळीस हजार आणि पंचवीस हजार रुपये होती. तिचा प्रस्ताव जिल्हा समितीपुढे जावा लागतो, म्हणून जामिनाचा आदेश आल्यानंतर आठवडाभरात बाई सुटली नाही तर कारागृहाच्या यादीची वाट न पाहता विधी सेवा प्राधिकरणाकडे स्वतः पत्र द्यावे, आणि त्या पत्रात मुलाचे नाव, जन्मतारीख व कारागृहात दाखल झाल्याची तारीख आवर्जून लिहावी. शिक्षा झालेल्या स्त्रीच्या बाबतीत अपिलातील शिक्षा-स्थगिती आणि अभिवचन रजा (पॅरोल) या दोन वाटा राहतात.

जी मुले सहा वर्षांची होणार आहेत, त्यांची तयारी वाढदिवसाच्या आदल्या आठवड्यात करू नये. निदान सहा महिने आधी सुरुवात करावी. आईच्या पसंतीचा नातेवाईक असेल तर त्याच्या घरी प्रत्यक्ष जाऊन पाहावे, बाल कल्याण समितीपुढे प्रकरण ठेवावे, बालसंगोपन योजनेत त्या घराला मदत बसते का ते तपासावे. नातेवाईक नसेल तर बालगृह शक्यतो त्याच शहरातले असावे आणि आईशी आठवड्यातून किमान एकदा भेट व्हावी, असे निकालात म्हटले आहे. ही भेट कागदावर सोपी दिसते, पण बालगृहाकडे मुलाला आणायला माणूस नसतो आणि कारागृहाकडे पाठवायला गाडी नसते. त्यामुळे मूल सोपवण्याच्या आदेशातच भेटीचा वार, ने-आण करणाऱ्याचे पद आणि प्रवासखर्च कोणत्या कार्यालयाने द्यायचा हे लिहून घ्यावे. महाराष्ट्रात ‘गळाभेट’ या उपक्रमात मुलांना जाळीशिवाय आई किंवा वडिलांना भेटता येते. तो उपक्रम चांगला आहे, मात्र वर्षातून काही वेळा होणाऱ्या कार्यक्रमाने साप्ताहिक भेटीचा निर्देश पाळला गेला असे धरता येत नाही, आणि तसे कळवणाऱ्या अहवालावर हरकत नोंदवायला विसरू नये.